'गॉस्पेल' : एका शब्दाचा विद्यापीठांतील प्रवास

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गास भाषांतराच्या अभ्यासासाठी मी दोन इंग्रजी वाक्ये दिली होती. पहिल्यात एक प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांस बजावतो की क्रमिक पुस्तकातील मजकूर 'गॉस्पेल' समजू नका. दुसऱ्यात शिकागो शहरातील एका चर्चमधील 'गॉस्पेल' गायनाचा उल्लेख होता. बहुतेकांनी पहिल्या ठिकाणी 'वेदवाक्य' आणि दुसऱ्या ठिकाणी 'धार्मिक गीत' असे लिहून काम भागविले. एका विद्यार्थिनीने मात्र कोश पाहून दोन्ही ठिकाणी 'शुभवर्तमान' हा शब्द घातला आणि त्याखाली कंसात अर्थ दिला : 'शुभ असा वर्तमानकाळ'. वर्गात हशा पिकला. मीही हसलो. नंतर विचार करता असे ध्यानात आले की, या मुलीची चूक इंग्रज लोकांनी हजार वर्षांपूर्वी याच शब्दाच्या बाबतीत केलेल्या चुकीची सख्खी बहीण आहे. आणि ज्यांनी 'वेदवाक्य' लिहून पूर्ण गुण मिळविले त्यांची चूक तिच्याहून मोठी असूनही कोणास हसू आले नव्हते. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या चुकीविषयी आहे.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहू. मूळ ग्रीक शब्द 'युअँगेलिअन'. तो होमरच्या 'ओडिसी'च्या चौदाव्या सर्गात येतो. भिकाऱ्याच्या वेषातील ओडिसियस आपल्याच डुकरे राखणाऱ्या चाकराला सांगतो की तुझा धनी परत येत आहे, आणि या बातमीबद्दल बक्षीस मागतो. त्या बक्षिसाचे नाव 'युअँगेलिअन'. म्हणजे आरंभी हा शब्द वार्तेचा नसून, वार्ता आणणाराच्या हातावर ठेवावयाच्या साखरेचा होता. पुढे तो वार्तेलाच लागू झाला. आशिया मायनरमधील प्रीएने येथे सापडलेल्या इ. स. पूर्व ९ च्या शिलालेखात ऑगस्टस सम्राटाचा जन्मदिवस हा जगाच्या दृष्टीने अशा शुभवार्तांचा प्रारंभ होय, असे म्हटले आहे. दरबारी डिंडिमाचा हा शब्द ख्रिस्ती मंडळींनी उचलला आणि रोमन सत्तेने क्रुसावर दिलेल्या एका सुताराच्या चरित्राला लावला. या उचलेगिरीत केवढे धाडस होते, हे आज सहजी जाणवत नाही.

लॅटिनने ग्रीक शब्द तसाच घेतला. जुन्या इंग्रजीने त्याचे भाषांतर केले. 'गोड' म्हणजे चांगला (यातील ओ दीर्घ) आणि 'स्पेल' म्हणजे कथन, वार्ता, मिळून 'गोडस्पेल'. पुढे जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आणि लोक तो शब्द 'गॉड-स्पेल', म्हणजे 'देवाची कथा', असा समजू लागले. हा तर्क केवळ कल्पनेचा नाही. इंग्लंडातील धर्मप्रचारकांबरोबर हा शब्द जर्मन व स्कँडिनेव्हियन भाषांत गेला. तेथे 'चांगला' आणि 'देव' या शब्दांची रूपे एकमेकांशी घोटाळण्याजोगी नाहीत, आणि तेथे तो 'देव' या अर्थाच्या रूपानेच आढळतो. आइसलँडच्या भाषेत तर तो त्या रूपात आजही रूढ आहे. म्हणजे शब्द समुद्र ओलांडून जाण्यापूर्वीच 'चांगली बातमी' विसरली गेली होती आणि 'देव' तेवढा उरला होता.

आमच्या विद्यार्थिनीने वेगळे काय केले? बखरींत आणि पेशवाईतील पत्रांत 'वर्तमान' म्हणजे घडलेली हकीकत, बातमी. 'वर्तमानपत्र' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे, पण तो तेथे आहे हे आपण विसरलो आहोत. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला, त्या काळात बातमीला 'वर्तमान' म्हणणे हे अगदी रोजच्या बोलण्यातले होते. आज त्या शब्दाचा पहिला अर्थ काळवाचक झाला. गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीजमधून आलेला 'वांजेल' हा शब्द तसाच ठेवला, त्यामुळे त्यांच्यावर हा प्रसंग आला नाही. जो शब्द फोडताच येत नाही त्याची चुकीची फोडही होत नाही.

आणखी एक बारकावा येथेच नोंदवितो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. ग्रीक मथळ्यांत 'काता' हे अव्यय आहे : मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे, मार्काच्या सांगण्याप्रमाणे. वार्ता एकच, सांगणारे चार. मराठीत आपण 'मत्तयकृत शुभवर्तमान' म्हणतो. 'कृत' म्हटले की आपल्या मनात ग्रंथकर्ता उभा राहतो आणि एका वार्तेचे चार ग्रंथ होतात. इंग्रजीने 'काता'चा अर्थ जपला, म्हणूनच त्या भाषेत 'अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे गॉस्पेल' हा साचा तयार होऊन वाटेल त्या नावाशी जोडता येऊ लागला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आधुनिक काळात या शब्दाने जी वळणे घेतली त्यांपैकी बरीच अमेरिकेतील महाविद्यालयांच्या आवारात किंवा त्यांच्या कुंपणालगत घडली आहेत. धर्म मंदिरात आणि विद्या विद्यापीठात, अशी वाटणी मनात धरणाऱ्यास याचे नवल वाटेल.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १८६६ मध्ये, यादवी युद्ध संपल्यानंतर काही महिन्यांतच, मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. लष्करी इस्पितळाच्या सोडून दिलेल्या बराकींत वर्ग भरत. पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. जॉर्ज व्हाइट हा तिचा खजिनदार, आणि संगीतही तोच शिकवी. त्याने नऊ विद्यार्थ्यांचा एक गायकसंच घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी पैसा जमविण्यासाठी उत्तरेकडे प्रयाण केले. त्यांतील बहुतेक स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. आरंभी ते तत्कालीन युरोपीय पद्धतीची गाणी गात. श्रोते थोडे आणि पैसा त्याहून थोडा. त्याच आठवड्यात शिकागोस भीषण आग लागली, तेव्हा ओहायोतील एका जलशाचे पन्नास डॉलरांच्या आतले उत्पन्न या कफल्लक मुलांनी आगग्रस्तांस देऊन टाकले.

त्यांच्यापाशी दुसरी गाणी होती; आईबापांनी शेतांत आणि रात्रीच्या गुप्त मेळाव्यांत गायिलेली. ती लोकांपुढे गाण्यास ही मुले राजी नव्हती. संचाची पियानोवादक एला शेपर्ड हिने पुढे लिहिलेल्या आठवणींवरून दिसते की, ही गीते गुलामगिरीच्या काळ्या दिवसांशी जोडलेली होती आणि आईबापांस ती पवित्र होती. म्हणून विद्यार्थी ती दारे-खिडक्या लावून आपसांत गात. नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या एका परिषदेपुढे त्यांनी यांतील काही म्हटली आणि सभागृह स्तब्ध झाले, असे सर्व वृत्तांत सांगतात. त्यानंतर त्यांचा मार्ग बदलला. संचास 'ज्युबिली सिंगर्स' हे नाव मिळाले. पन्नासाव्या वर्षी दासांस मुक्त करावे या जुन्या करारातील विधीवरून ते घेतले होते. (आपल्याकडे तोच शब्द पुढे चित्रपटगृहांच्या पाट्यांवर पंचवीस आठवड्यांचा हिशेब सांगू लागला, हे जाता जाता आठवते.) पहिल्या दौऱ्यात सुमारे २० हजार डॉलर जमले. १८७३ मध्ये ते इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायिले. त्यांच्या पैशातून उभारलेल्या 'ज्युबिली हॉल'चे उद्घाटन १ जानेवारी १८७६ रोजी झाले. संचातील फ्रेडरिक लाउडिन याने याच नावाने १८८४ ते १८९० या काळात जो जगप्रवास केला त्यात हिंदुस्थानही होता.

या गीतांस 'स्पिरिच्युअल' म्हणतात; काटेकोर अर्थाने ती 'गॉस्पेल' नव्हेत. तथापि 'गॉस्पेल' संगीताच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज मला या बंद दारांत दिसते. वार्ता ही सांगण्यासाठी असते. ती पैसे देऊन ऐकणारास सांगावी काय? सांगितली तर ती वार्ता राहते की करमणूक होते? फिस्कच्या मुलांस हा प्रश्न कोणाही संगीतसमीक्षकाच्या आधी पडला होता. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांनी इमारत उभी केली. ती आजही उभी आहे.

पंधरा वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे वेगळेच दृश्य दिसते. ड्वाइट मूडी या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १८८६ च्या उन्हाळ्यात भरविलेल्या शिबिरास निरनिराळ्या महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी आले. शिबिर संपताना त्यांतील शंभर जणांनी परदेशी मिशनकार्याची शपथ घेतली. या चळवळीचा आत्मा म्हणजे प्रिन्स्टनचा नवा पदवीधर रॉबर्ट वाइल्डर. हा १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरास जन्मला होता. त्याच्या वडिलांनी तेथील मिशन १८५२ मध्ये सुरू केले होते. पुढे हिंदुस्थानात विद्यार्थ्यांमध्ये त्याने काही वर्षे कामही केले. १८८८ मध्ये रीतसर स्थापन झालेल्या या 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट'चे घोषवाक्य याच पिढीत साऱ्या जगास सुवार्ता पोहोचविण्याचे होते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे वीस हजार पदवीधर तिच्याद्वारा परदेशी गेले. येथे 'गॉस्पेल' म्हणजे नकाशावरील मोकळी जागा भरून काढण्याचे काम झाले. पहिल्या महायुद्धानंतर मात्र विद्यार्थी विचारू लागले की स्वदेशातील वर्णभेदाचे आणि कारखान्यांतील अन्यायाचे काय? रोचेस्टरच्या धर्मविद्यालयातील प्राध्यापक वॉल्टर राउशेनबुश याने १९०७ च्या ग्रंथात हाच प्रश्न मांडला होता, आणि त्या विचारास 'सोशल गॉस्पेल' हे नाव रूढ झाले होते. चळवळ क्षीण होत गेली. तिचा वारसा ज्या विद्यार्थी-संघटनेत विलीन झाला होता ती १९६९ मध्ये ठराव करून विसर्जित झाली.

याच सुमारास पिट्सबर्ग येथे जे घडले त्याची पूर्वपीठिका धनिकाच्या घरातली आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने जून १८८९ मध्ये 'वेल्थ' नावाचा निबंध लिहिला. संपत्ती साठवून मरणे लाजिरवाणे, ती लोकोपयोगी कामांत वाटावी, असे त्याचे प्रतिपादन. इंग्लंडात तो 'गॉस्पेल ऑफ वेल्थ' या मथळ्याने पुन्हा छापला गेला आणि तेच नाव चिकटले. तीन वर्षांनी त्याच्याच होमस्टेड कारखान्यातील संप रक्तपाताने मोडला गेला, म्हणजे ही वार्ता कामगारांच्या वस्तीत फारशी शुभ ठरली नाही. १९०० मध्ये त्याने पिट्सबर्गला ज्या तांत्रिक शाळा काढल्या त्यांचेच पुढे १९६७ मध्ये कार्नेगी-मेलन विद्यापीठ झाले. तेथील नाट्यविभागात जॉन-मायकेल टेबेलॅक या विद्यार्थ्याने १९७० मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी एक नाटक बसविले. त्याचे नाव, जुन्या वर्णलेखनाप्रमाणे, 'गॉडस्पेल'.

टेबेलॅक सांगत असे की, त्या वर्षीच्या ईस्टरला तो ढगळ पोशाखात आणि लांब केसांनिशी पिट्सबर्गच्या एका मोठ्या चर्चमध्ये गेला. उपासकांच्या चेहऱ्यांवर आनंदाचा मागमूस नव्हता, आणि बाहेर पडताना एका पोलिसाने त्याला अडवून मादक पदार्थांसाठी त्याची झडती घेतली. मत्तयाचे शुभवर्तमान विदूषकी वेषातील तरुणांच्या खेळातून सांगावे ही कल्पना त्याने याच अनुभवाशी जोडली आहे. १७ मे १९७१ रोजी, स्टीफन श्वार्ट्झ याच्या नव्या संगीतासह, न्यूयॉर्कच्या चेरी लेन नाट्यगृहात ते आले आणि वर्षानुवर्षे चालले. त्याच वर्षी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ब्रॉडवेवर आले. त्याचा गाजावाजा अधिक झाला. मला भाषाभ्यासकाच्या नात्याने टेबेलॅकच्या मथळ्याचे महत्त्व अधिक वाटते. त्याने 'देव' दिसेल असे वर्णलेखन निवडले आणि नाटकात मात्र हरवलेला 'चांगला' शोधला. हजार वर्षांपूर्वीची चूक एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात अशी उलट फिरली, आणि तीही 'गॉस्पेल ऑफ वेल्थ'च्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठात.

आता संगीताकडे. आज अमेरिकेबाहेर 'गॉस्पेल' म्हटले की प्रथम संगीतच आठवते. याचे पुष्कळसे श्रेय थॉमस डॉर्सी यास आहे. १८९९ मध्ये जॉर्जियात जन्मलेला हा पियानोवादक 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवी. १९३२ मध्ये बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ अर्भकही गेले. त्या दुःखातून त्याने रचलेले 'प्रेशस लॉर्ड' हे गीत पुढे महालिया जॅक्सनने १९६८ मध्ये मार्टिन लूथर किंग यांच्या अंत्यविधीत गायिले. डॉर्सीने ब्लूजची लय चर्चमध्ये आणली, तेव्हा अनेक चर्चांनी त्याला दार दाखविले. कारण ती लय दारूच्या गुत्त्यातली. वीस वर्षांनी प्रवास उलट दिशेने झाला. १८ नोव्हेंबर १९५४ रोजी रे चार्ल्स याने एका गॉस्पेल गीताच्या चालीवर प्रेयसीचे गाणे ध्वनिमुद्रित केले. बिग बिल ब्रून्झी या वडीलधाऱ्या ब्लूज गायकाला देखील ही भेसळ रुचली नाही. हे मुद्रण झाले ते अटलांटात, जॉर्जिया टेक या शिक्षणसंस्थेच्या रेडिओ-केंद्रात. त्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश मिळाला तो १९६१ मध्ये. म्हणजे आवाजास कुंपणाच्या आत जाता आले, आणि आवाज ज्यांचा त्यांच्या मुलांस सात वर्षे थांबावे लागले.

याहून वेधक उदाहरण वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे. १८६७ मध्ये स्थापन झालेले हे कृष्णवर्णीयांचे अग्रगण्य विद्यापीठ. परंतु तेथील संगीतविभागात युरोपीय अभिजात संगीतच शिकविले जाई. सरावाच्या खोलीत जॅझ किंवा गॉस्पेल वाजविताना सापडणाऱ्यास शिक्षा होई, असे त्या काळच्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेतली. अभ्यासक्रमात आपल्या समाजाचा इतिहास व संस्कृती यावी, ही त्यांच्या मागण्यांतील एक. त्याच वर्षी तेथे गॉस्पेल गायकवृंद उभा राहिला. नॅशव्हिलच्या मुलांनी ही परंपरा दारे लावून गायिली, कारण ती त्यांना फार पवित्र वाटे. शंभर वर्षांनी वॉशिंग्टनच्या मुलांस दारे लावावी लागली, कारण त्यांच्या गुरुजनांस ती पुरेशी प्रतिष्ठित वाटत नव्हती. प्राध्यापकवर्गाविषयी मनात कटुता न आणताही हे लिहिता येते. ज्यांना स्वतःची योग्यता परक्या मापाने सिद्ध करावी लागली, त्यांनी घरचे माप लपविले, इतकेच.

मधल्या काळात या गीतांनी एक काम केले होते, त्याकडे भाषाशास्त्रज्ञाने अवश्य लक्ष द्यावे. वाक्यातील एका स्थानी एक शब्द काढून दुसरा घालावयाचा आणि काय टिकते, काय बदलते हे पाहावयाचे, ही आमची नित्याची कसोटी. जॉर्जियातील ऑल्बनी येथे १९६१ मध्ये वर्णभेदाविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा बर्नीस जॉन्सन या महाविद्यालयीन विद्यार्थिनीने एका सभेत जुने गीत सुरू केले. त्यात हवेत संकट दिसत असल्याचे म्हटले आहे. तिने सांगितले आहे की, तो शब्द येण्याच्या जागी पोचताच मला संकट दिसेना, म्हणून तेथे मी 'स्वातंत्र्य' घातले. दुसऱ्या एका गीतात येशूच्या नावाच्या जागी हाच शब्द आला. चाल, टाळी, एकाने सांगावे आणि सर्वांनी उचलून धरावे ही पद्धत, सारे तसेच. या आंदोलनापायी तिला महाविद्यालयातून काढण्यात आले. पुढे १९७५ मध्ये तिने इतिहासातील डॉक्टरेट मिळविली, आणि तीही हॉवर्ड विद्यापीठाची.

हे धर्मातून धर्मनिरपेक्षतेकडे झालेले स्थित्यंतर आहे, असे सोपे निदान पुष्कळ करतात. मला ते पटत नाही. गाणाऱ्यांपैकी बहुतेक श्रद्धावान होते आणि सभा चर्चमध्येच भरत. किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, पौल जसा आपले गाव सोडून वार्ता घेऊन फिरला तसा मी स्वातंत्र्याची वार्ता घेऊन फिरतो, अशा अर्थाचे लिहिले आहे. 'गॉस्पेल' हा शब्द ते तेथे उपमेपुरता वापरीत नव्हते. प्रीएनेचा दरबारी शब्द पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी जसा परत मिळविला तसा ते वापरीत होते.

लोकप्रिय संस्कृतीतील इतर वापर यापुढे फिके वाटतात. रॉबर्ट शॉर्ट याच्या १९६५ च्या पुस्तकाने 'पीनट्स' या व्यंगचित्रमालेच्या म्हणण्याप्रमाणे गॉस्पेल सांगितले. ते अफाट खपले आणि त्या मथळ्याच्या नकला अजून निघत आहेत. १९८० नंतरच्या दशकात 'ॲपल' कंपनीने संगणकाच्या प्रसारासाठी 'इव्हँजेलिस्ट' नेमले. आता ते पद अनेक कंपन्यांत असते. येथे वार्ताहर उरला आहे आणि वार्ता म्हणजे विक्रीचा माल आहे. होमरचा 'युअँगेलिअन', म्हणजे बक्षीस, येथे पुन्हा भेटतो.

आता 'वेदवाक्या'कडे येतो. इंग्रजी बोलीत 'गॉस्पेल'ला 'निर्विवाद सत्य' हा अर्थ फार जुना आहे, आणि तेवढ्या ठिकाणी 'वेदवाक्य' चालून जाते. पण दोन्ही शब्दांची प्रकृती भिन्न आहे. वेद अपौरुषेय, त्यास तिथी नाही. वार्तेला तिथी असते. वार्ता ज्याने ऐकली नाही त्याला सांगावीच लागते, नाही तर ती वार्ता नव्हे. वेदवाक्याचे प्रामाण्य ते कोणी ऐकू नये यावरही उभे होते. स्त्रिया आणि शूद्र यांच्या बाबतीत ते कसे पाळले गेले, हे या वाचकांस सांगावयास नको. फिस्क, ऑल्बनी आणि हॉवर्ड येथील मुलांच्या तोंडचा शब्द आपण 'वेदवाक्य' या साच्यात ओततो, तेव्हा ज्यांनी दारे उघडली त्यांच्या शब्दाला दारे लावणाराचा पोशाख चढवितो.

'सुवार्ता' हा पर्याय मराठीत आहे. वसईच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या मासिकाला तेच नाव दिले आहे. तो फोडला तरी अर्थ बिघडत नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगाच्या छंदात आणले, तेव्हा 'जुनी चाल आणि नवी वार्ता' हा डॉर्सीचा उद्योग आपल्याकडे त्याच्याही आधी होऊन गेला होता. त्याची तुलना कोणी करावी, विषय प्रबंधाच्या योग्यतेचा आहे. संगीताच्या संदर्भात मी 'गॉस्पेल' हाच शब्द ठेवतो. क्रमिक पुस्तकाच्या वाक्यात 'वेदवाक्य' राहू देतो, पण समासात प्रश्नचिन्ह काढतो. त्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका मी परत मागवून घेतली आणि 'शुभवर्तमान' या शब्दाचे कापलेले गुण तिला दिले. कंसातील स्पष्टीकरणाचे मात्र दिले नाहीत.